घोट्यावरची वीज

विश्रांतवाडी, पुणे

प्रिय मंदाकिनीस,

सप्रेम नमस्कार. तुझी कंबर आणि अवधूतरावांचा खोकला एव्हाना नरमला असेल, असं धरून चालते. शाळेच्या मैत्रिणींच्या मेळाव्याला मी ‘घरात लग्न आहे’ म्हणून नकार कळवला आणि तू लगेच ‘कुणाचं?’ विचारलंस. कुणाचंच नाही गं. मला लघवी आवरत नाही. कुलपात किल्ली घातली की घाई, हसले की पंचाईत. आणि तू तर सिस्टर अ‍ॅग्नेसची नक्कल करणार. (चॅपलमध्ये तुझ्यापायी हसू दाबून माझे डोळे वाहायचे. तेव्हा फक्त डोळेच वाहायचे.)

म्हणून फिजिओथेरपिस्ट अस्मिताकडे गेले. तिने पाकिटाएवढं यंत्र दिलं. दोन वायरी, दोन चिकटपट्ट्या, आणि त्या लावायच्या पायाच्या घोट्याजवळ. मला संशय आलाच. गळती तिसऱ्या मजल्यावर आणि वीज तळमजल्याला? ती म्हणाली, “काकू, तिथली नस वरच्या नसांशी जोडलेली असते. रोज अर्धा तास लावा आणि काही आठवडे धीर धरा.” धीर धरता आला असता तर तिच्याकडे कशाला गेले असते?

अंगठा थुईथुई हलला की यंत्र चालू आहे समजायचं. घरी सांगितलं, गुडघ्यासाठी आहे. आमचे दीनानाथराव (जन्म वीजखात्यात गेलेला) ते उलटंपालटं करून म्हणाले, “ह्यानं डाससुद्धा मरणार नाही.” तेव्हापासून मात्र बॅटरी रोज उतरलेली आणि पट्ट्यांना पांढरे केस चिकटलेले. (यंत्र कशासाठी ते छापलेलं माहितीपत्रक पिशवीतच राहिलं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.)

काल दुपारी हे गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर स्तब्ध, पण डावा अंगठा थुईथुई! “अहो, तुमचाही गुडघा?” विचारलं. पेपर खाली न घेता म्हणाले, “हो. तुझ्यासारखाच.”

मंदे, हडपसरला लेकीकडे जाताना हे दर वेळी येरवड्याच्या पेट्रोल पंपावर ‘हवा बघून येतो’ म्हणून उतरतात. रिक्षाने जात असलो तरी. मी इतकी वर्षं सिगारेटचा संशय घेत होते.

आता आळीपाळीने बसतो. (पट्ट्या वेगवेगळ्या.) दाराशी थोडी सवड मिळतेय खरी, पण ती यंत्रामुळे, की हे पुढे धावत जाऊन कुलूप उघडून ठेवतात म्हणून, देव जाणे. माझा यंत्रावर अजून विश्वास नाही.

मेळाव्याला येणार नाही. आग्रह करू नकोस.

तुझी,
शकू

ता. क. : येतेय. दाराजवळची खुर्ची धरून ठेव. सिस्टरची नक्कल चहाच्या आधीच उरक.

पुन्हा ता. क. : चहाची अट रद्द. मनात येईल तेव्हा कर. गडद, फुलाफुलांची साडी नेसतेय. किती वर्षांत पोटभर हसले नाही गं.