इल्सडेल वाचवताना

३ मार्च
पेपरात नवा नकाशा. आमचा इल्सडेल मतदारसंघ मोडून किनाऱ्यावरच्या मॉरबरीत घालणार. १८३२ पासूनचा मतदारसंघ! आधी जमीनदारांचा, मग खाणकामगारांनी आणि सरकारी चर्च सोडलेल्या चॅपलवाल्यांनी हिसकावलेला, मग मेंढपाळांचा. आता निम्मे लीड्सहून आलेले पेन्शनर. हे सगळं फक्त मला माहीत. म्हणजे वाचवायचं मलाच. मॉरीन म्हणाली, आधी छताची पन्हळ बघ. बायकोला इतिहासाचं वावडं.

९ मार्च
पबमध्ये जाहीर सभा. उपस्थिती: क्लेम हेगार्थ आणि त्याचा कुत्रा. क्लेमच्या दोनशे मेंढ्या आहेत, म्हणजे वजनदार माणूस. तो म्हणाला, दवाखाना मॉरबरीत, बस मॉरबरीची, मग खासदारही तिकडचा असला तर तुझं काय जातं, अँब्रोज? मी १८३२ पासून सुरुवात केली. १८६८ ला कुत्रा झोपला. क्लेम मात्र शेवटपर्यंत बसला. (बिअर मी पाजत होतो.) पाठिंबा पक्का धरतो.

१५ मार्च
खाणीकडच्या वस्तीत घरोघर. पाऊस. एका बाईंनी विचारलं, सध्या खासदार कोण? मी नाव सांगितलं. म्हणाल्या, ते तर वारले. नावाला काय महत्त्व? परंपरा महत्त्वाची. हरकतीच्या अर्जावर सह्या: शून्य. पावसात शाई फुटते, म्हणून आग्रह केला नाही.

२ एप्रिल
झोप नाही. नकाशावरच्या सरकारी सुनावणीसाठीचं भाषण एक्केचाळीस पानी झालंय. इल्सडेल गेलं तर मी कुठला? मॉरीनला हेच विचारलं. म्हणाली, अँब्रोज, सुनावणीला जाऊ नकोस. धसका घेतलाय बिचारीने.

१० एप्रिल
सुनावणी. इल्सडेलचा मतदार म्हणून बोलतोय, असं सांगून सुरुवात केली. अध्यक्षबाईंनी तिसऱ्या पानावर थांबवलं, पत्ता विचारला, नकाशावर बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, आपलं घर ओढ्याच्या अलीकडे आहे. मागच्या फेरआखणीतच ते मॉरबरीत गेलंय. मी म्हटलं, चूक असेल. मागे वळून मॉरीनकडे पाहिलं. ती म्हणाली, तेव्हाच सांगितलं होतं तुला. मी दर निवडणुकीला मॉरबरीचा खासदार निवडायलाच मत देते. तू म्हणायचास, निकाल ठरलेलाच असतो, मी कशाला पाय मोडू.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२८ मे
अहवाल आला. इल्सडेलमधून एकही हरकत नाही. मॉरबरीच्या एका रहिवाशाने इतिहासविषयक मत मांडले.

मॉरीनला विचारलं, आपलं मतदान केंद्र कुठे असतं. म्हणाली, निवडणुकीला अवकाश आहे, आधी जेवून घे.

जेवलो.