माझी चाळ आणि सरकारची पार्टनरशिप

१२ एप्रिल
नामपूरला मीटिंग झाली. गावात कांद्याचं कोल्ड स्टोरेज होणार. सरकार जागा देणार, कंपनी पैसा लावणार, लोकांनी सहभाग द्यायचा. म्हणजे तिघं पार्टनर. मी दुसरी शिकलेली, आणि सरकारची पार्टनर. चहा अर्धा कपच दिला, पण मोठ्या लोकात तसंच असतं. यंदाचा कांदा कोल्डात ठेवून चढ्या भावात विकायचा, नात सायलीला नर्सिंगला घालायची. ठरलं.

१८ एप्रिल
साहेब जागा बघायला आले. म्हणे ट्रक वळायला रस्ता कमी पडतो. शेजारची कुसाबाई पायाच्या बोटाकडं बघत बसली. मी उठले, म्हटलं माझी कांद्याची चाळ मोडा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सुनीलनं नाही. म्हणे, आई, कांदा ठेवायचा कुठं? म्हटलं, कोल्डात. म्हणे, ते बांधलंय कुठं? पोराला पुढचं दिसतच नाही. बापावर गेलाय.

२ मे
भूमिपूजन. चाळीच्या बांबूंचाच मंडप केला, लय शोभला. नारळ कंपनीच्या मॅडमनी फोडला. पण आणला मी होता.
कांदा घरात ओतलाय. डोळ्यासमोर राहतो ते बरं, चाळीत कुठं दिसायचा? कुसाबाई दारातून डोकावून म्हणे, माय, तू कोठे झोपशी? जळते बिचारी.

२१ मे
चाळीच्या जागी बोर्ड लागला. वर साहेबांचं नाव, मग कंपनीचं, खाली बारीक अक्षरात 'लोकसहभाग'. तो मी. नावाला जागा पुरली नसेल.

१६ जून
कांद्याला कोंब आले. सूनबाई संध्या नाकाला पदर लावून स्वयंपाक करते. म्हटलं, अगं, कोंब म्हणजे जीव आहे त्याच्यात. म्हणे, आत्याबाई, आमच्यात नाही राहिला.

९ जुलै
साहेबांची बदली. कंपनी दुसऱ्या तालुक्यात गेली, तिथं रस्ता आधीच रुंद आहे म्हणे. रस्ता लागतो हे त्यांना कळलं कुणामुळं? माझ्यामुळं. पण नाव नाही घेणार कोणी.
नवे साहेब येतील. घाई कशाला.

२० ऑगस्ट
भाव चढला. मी म्हटलंच होतं चढणार. कुसाबाईनं चाळ उघडली, कांदा कसा खणखणीत. टेम्पो भरून नामपूरला गेला. माझ्या रस्त्यावर एका दमात वळला. रस्ता चांगलाच झालाय.
आमच्या घरातल्या कांद्याला पाणी सुटलंय. सुनील फावड्यानं ओढतोय.
सायली यंदा घरीच. नर्सिंग काय पळून जातंय का. तिला जवळ बसवून सांगितलं, तू सरकारच्या पार्टनरची नात आहेस. ती हूं म्हणाली, आणि सडक्यातून बरे कांदे निवडायला बसली.