ताईसाठी तेवीस किलो

४ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांगात माझं पोट आधी जमिनीला टेकतं, तेव्हा हा नमस्कार वाकूनच केला आहे असं समज.

काल मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. तुझा-माझा रक्तगट जुळला! भावोजींचा जुळला नाही, आई-बाबा आता नाहीत, म्हणजे तुला किडनी द्यायला उरलो मीच. मी खुर्चीतच उडी मारणार होतो, पण डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं. एकशे बारा किलो. ते म्हणाले, एवढ्या जड माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवावर बेतू शकतं. नव्वदीच्या आत या, मग पुढच्या तपासण्या करू. जन्मभर बेकरीत केक भाजले आणि मोडका-तुटका माल पोटात टाकला, त्याचं हे फळ.

पण तू घाबरू नकोस. कालपासून मी जेवण बंद केलं आहे. लिंबूपाण्यावर आहे. बघ, कसा भराभर उतरतो.

माया आहेच, ती मात्र एक ग्रॅमही उतरणार नाही.

तुझा ढब्बू

१९ जून

चि. ढब्बूस,

अ. उ. आ. आणि त्याबरोबर एक सणसणीत चपराक.

तुझ्या बायकोने सगळं कळवलं. भट्टीसमोर चक्कर येऊन पडलास, थोडक्यात हात भाजायचा वाचला. अरे, मला किडनी हवी आहे, तुझा तेरावा नको.

इथल्या आहारतज्ज्ञ बाईंना मी तुझा पराक्रम सांगितला. त्या म्हणाल्या, उपाशी राहिल्यावर आधी पाणी जातं, मग चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि काट्याला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा नीट जेव. अर्धं ताट भाज्या, उरलेल्यात भाकरी किंवा भात बेताचा, आणि अंडी, कडधान्यं, दही रोज. चहातली साखर बंद. भरभर चाल, आणि थोडं वजन उचलत जा म्हणजे स्नायू टिकतील. महिन्याला तीन किलो उतरले तरी पुष्कळ.

काट्याशी माझंही नातं जुळलं आहे. डायलिसिसच्या आधी एकदा आणि नंतर एकदा उभं करतात. माझं उतरतं ते नुसतं पाणी. तेव्हा माझ्याशी शर्यत लावू नकोस.

मला मुळीच घाई नाही. सावकाश कर.

रागावले तरी तुझीच,
ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आता पायांपर्यंत हात पोचतात, म्हणून हा नमस्कार खरा.

अठ्ठ्याण्णव! मैद्याची पोती आता मीच उचलतो. हमाल म्हणतो, त्याच्या पोटावर पाय आणू नका. मधे काटा एकाच आकड्यावर अडून बसला, तेव्हा रडकुंडीला आलो होतो. तू आहारतज्ज्ञ बाईंना विचारशील, त्याआधी मीच विचार केला: देह लहान झाला की त्याला लागतंही कमी. मग भात थोडा आणखी कमी केला आणि चालणं वाढवलं. हळूहळू हलला.

पण तू मला फसवलंस. भावोजींनी सांगितलं, फुफ्फुसात पाणी भरून तुला दोनदा इस्पितळात ठेवलं होतं. आणि मला लिहितेस, घाई नाही! तुझं अक्षरही ओळखू येईनासं झालं आहे. खरं काय ते लिही. मी चालतो तेव्हा तेच डोक्यात असतं की मी फार हळू चालतो आहे.

ओढ आहे, ती अशीच राहो.

तुझा ढब्बू

२० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

अ. उ. आ.

खरं हवं ना, घे. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. काउंटरमागे उभं राहवत नाही. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं. बाई म्हणतात, डायलिसिसवरच्या माणसाने अंडी जास्त खायला हवीत. मला वासानेच उमळून येतं. तुझे भावोजी ताटलीसमोर बसून राहतात, मी एक घास खाल्ला की त्यांचा चेहरा असा होतो की दुसरा घास मी त्यांच्यासाठी खाते.

परवा शेजारीण म्हणाली, किती छान बारीक झालात, काय करता? मी म्हटलं, काही नाही, नुसती पडून असते.

घाई आहे, ढब्बू. आहे घाई. पण उपाशी राहिलास तर याद राख.

वाट पाहणारी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पुढचं कसं लिहू कळत नाही.

सोमवारी एकोणनव्वद भरलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि लगेच स्कॅनला पाठवलं. माझी डावी किडनी जन्मापासून वाढलीच नाही. सुक्या अंजिराएवढी आहे. मी आजवर एकाच किडनीवर जगतो आहे आणि ती कुणाला देता येत नाही. मी ओरडलो, हे जूनमध्येच का नाही पाहिलं? ते खाली बघत म्हणाले, वजन उतरल्याशिवाय पुढे जायचंच नव्हतं. मग म्हणाले, वजन उतरवलंत ते बरं झालं, रक्तदाबाने ही एकुलती एकही गेली असती.

बाहेर रखवालदाराने अडवलं. साहेब, काय झडलात, आम्हालाही सांगा युक्ती. ताई, मी त्याला सांगत बसलो. चहातली साखर बंद करा म्हणालो.

तिथून बेकरीत गेलो, अख्खा क्रीम केक पुढ्यात ओढला आणि रागाने खाल्ला. गोड लागला. त्याची सगळ्यात जास्त लाज वाटली.

मला माफ कर, असं तरी कसं लिहू?

तुझा,
ढब्बू

२६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

अ. उ. आ. पेन धरवत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि तुझे भावोजी लिहीत आहेत.

तुझं पत्र वाचून मी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. मला मोजून मिळणारं पाणी. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण ती यादी माझ्या ताकदीपेक्षा लांब आहे, हे डॉक्टरांनी आडून आडून सांगितलं.

सगळे म्हणतात, निदान भाऊ तरी वाचला म्हणा. भावोजीही म्हणाले. मोठी बहीण म्हणून तेच म्हणायला हवं. मला नाही म्हणता येत. तू धडधाकट चालतोस हे ऐकून मला हेवा वाटतो, आणि तू पुन्हा केकवर तुटून पडलास हे वाचून तुला बदडावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे. मंगळवारी ये. यंत्राला जोडलं की चार तास एका माणसाला जवळ बसू देतात. बस नुसता. धीर देऊ नकोस, वजनाचं बोलू नकोस.

तुझ्या जगण्याचा मला मनापासून आनंद व्हावा, एवढी मोठी मी अजून झालेली नाही. वेळ मिळाला तर होईन.

तुझी,
ताई