बुडालेल्या गावाचा रकाना

सातारा, मंगळवार, १४ मार्च १९७२

आज पुन्हा त्या म्हाताऱ्या तात्यांचा अर्ज परत केला. त्यांचं गाव वीजधरणात गेलं, सरकारनं त्यांना माण तालुक्यात नेऊन वसवलं. तिथं वीज मागतायत. पण गावाच्या रकान्यात लिहिलंय बुडालेल्याच गावाचं नाव! ते आमच्या वीज कचेरीच्या गावांच्या यादीतून मीच खोडलं होतं, लाल शाईनं. आणि नव्या वस्तीची कागदावर नोंदच नाही. नोंद नाही तर वीज नाही.

"आवं सायेब, तारा तर आमच्या डोक्यावरनंच जात्यात की!"

मी नियम दाखवला. दुसरं काय करणार होतो? दाराशी थांबून विचारलं त्यांनी, "मग त्या रकान्यात लिवू तरी काय?"

घरी येऊन बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, त्यांच्या गावावरच्या पाण्याचा.