तीस वर्षांचा भाडेकरू

आई,

काका अकराला येतील. अण्णांचे शेअर विकायच्या कागदावर मी येईपर्यंत सही करू नकोस. त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली तरी नको. चहा दे, चष्मा सापडत नाही म्हण.

काल ते म्हणाले, “वहिनी, शेअर म्हणजे वारं. शहागंजातलं दुकान घ्या, घरबसल्या भाडं. भाडेकरू तीस वर्षं बसलाय, हलायचं नाव घेत नाय!” आपण दोघी हसलो. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. पहाटे मात्र मला त्याच वाक्याची धास्ती वाटली. तो पगडी देऊन बसला असेल, तर आपल्याला त्याला उठवता येणार नाही आणि भाडंही तीस वर्षांपूर्वीचंच मिळेल. त्यात तुझा किराणासुद्धा भागायचा नाही.

काकांना विचारलं तर ते दुखावतील, म्हणून भाडेकरू निजामुद्दीनचाचांनाच विचारायला जाते आहे.

एक कबूल करते. ते शेअर मलाही विकवत नाहीत. अण्णांनी सुरू केलेलं तेवढंच अजून चालू आहे. पगडी नसेल, तर नाही म्हणायला माझ्याकडं दुसरं कारण उरणार नाही.

— उज्ज्वला