अर्धी होडी

कळवा, २ फेब्रुवारी १९९४

प्रिय सहदेव,

प्रिय लिहायचं जिवावर आलं होतं. पण लहानपणी तुझं शेंबडं नाक मीच पुसलंय, दुसरं काही लिहायला हात वळेना. तेवढ्यावर विसंबू नकोस, पुढे गोड काही नाही.

ठाण्याचं प्रदर्शन परवा संपलं. तू फिरकला नाहीस, ऑफिसात ऑडिट होतं म्हणे. बाबांची होडी मधोमध कापून मी अर्धी भिंतीला उभी केली होती. आत खाडीचा चिखल थापला आणि हल्ली जाळ्यात मासळीऐवजी जे येतं ते त्यात रोवलं. औषधांच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून सोडलेलं निर्माल्य. माणूस खाडीला हात जोडतो आणि त्याच हातांनी तिच्या तोंडात काय कोंबतो, ते मला दाखवायचं होतं. लोक नाकाला रुमाल लावून का होईना, थांबून बघत होते. पेपरवाला फोटो काढून गेला. मी हवेत होते.

मग शेजारचे दगडूकाका बाबांना तुझ्या घरून परस्पर घेऊन आले. पोरीचं प्रदर्शन म्हणून इस्त्रीचा सदरा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा. चष्मा काढून त्यांनी होडी पाहिली. कापलेल्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाकीची होरी कुठं हाय गो?" सहदेव, बाकीची मी सुताराला जळणाला दिली होती.

आता मुकाट्याने ऐक. बाबा डोळ्याला पट्टी बांधून तुझ्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये पडून होते, तेव्हा मी होडीचं विचारायला आले होते की नाही? तूच मला जिन्यात अडवलंस. बाबाच म्हणालेत, आता माझ्याच्याने पाण्यात जाववत नाही, चंद्राच्या कामी येत असेल तर नेऊ दे, असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलंस. वर, त्यांना विचारून पुन्हा रडवू नकोस, हेही तूच. किती साळसूदपणा! अरे, त्यांनी डोळे कापून घेतले ते पुन्हा खाडीत उतरायला. प्रदर्शनातून तुला फोन केला तर म्हणालास, "गेली ना होडी? आता तरी येतील इथं कायमचे राहायला." त्यांची काळजी होती तर तोंडावर भांडायचं होतंस. तुला भांडण नको होतं, म्हणून करवत माझ्या हातात दिलीस.

आई बाजारात टोपली घेऊन बसायची तेव्हा तू त्याच होडीत जाळ्यावर झोपायचास. उन्हाने तोंड भाजू नये म्हणून बाबा तुझ्यावर शीड धरायचे. हे तुला आठवत नसेल, मला आठवतं. तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा.

बाबा त्या दिवसापासून इथे माझ्याकडेच आहेत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. जेवतात, डोळ्यांत औषध घालून घेतात. आज सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "होरी कापली ते सहदेवला नको सांगूस गो. त्याचा लई जीव त्या होरीवर. त्याला सोसायचा नाय." त्यांना वाटतंय, मीच न विचारता कापली, आणि ते ती गोष्ट तुझ्यापासून लपवताहेत. त्यांनी मला माफ केलंय. तुझ्या वाटची माफी मला मिळाली आहे, आणि ती मला नकोय. माझ्या तोंडून मी त्यांना खरं सांगणार नाही, माझ्याने ते होणार नाही. रविवारी ये आणि त्यांच्यासमोर बसून तू सांग.

अजूनही तुझीच,
चंद्रभागा