अकराव्याला जागा नाही

भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालते, कारण तुम्ही स्वतःहून कळवणार नाहीच. माझं ठीक आहे. सकाळी गोळी घेते आणि दिवसभर वाचते (यातलं एकच डॉक्टरांनी सांगितलंय).

लिहायचं कारण तुमच्या दादांचा सर्व्हर. नकाशांचं ऑफिस खाली, पण मशीन अजून वर माझ्याच खोलीत आहे आणि सगळे नकाशे त्याच्या पोटात. एका वेळी दहाच जणांनी जोडायचं, ही मर्यादा दादांनीच घातलेली. अकराव्याला मशीन घेत नाही. मग तो जिना चढून येतो, "काकू, कुणाला तरी उठवा हो!" दादांच्या वहीत लिहिलंय, पंधरा मिनिटं ज्याची हालचाल नाही त्याचं नाव जोडलेल्यांच्या यादीतून काढावं. मी काढते, आणि आलेल्याला चहा देते. मागे हेड ड्राफ्ट्समनलाच काढलं. ते विचार करत होते म्हणे (तुमचे दादाही दुपारी असाच विचार करायचे, घोरत).

रोजची ही उठबस बघून शेवटी मशीनचं चारशे पानी पुस्तक काढलं. शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर वाचलं (त्यात खून नाही, प्रेम नाही, तरी मधेच सोडवेना) आणि दहाचे पंचवीस केले. एक आकडा पुसून दुसरा लिहायचा, एवढंच काम. खाली टाळ्या वाजल्या. वरपर्यंत ऐकू आल्या.

त्यानंतर नऊ दिवस जिना कुणी चढलं नाही. एकच कप धुवायचा, तोही सकाळीच धुऊन व्हायचा. दोनदा मीच खाली जाऊन "नीट चालतंय ना?" विचारून आले. "एकदम मस्त, काकू," म्हणाले, मान वर न करता.

तब्येतीला जपा.

तुमची
वहिनी

ता. क. दहाव्या दिवशी मी मर्यादा सहावर आणली. आता जिना सारखा वाजतो. मशीन म्हातारं झालं असं खाली ठरलंय आणि दुरुस्तीसाठी तुम्हाला फोन येणार आहे. तुम्ही याच. फक्त दोष लगेच सापडू देऊ नका, दोन-तीन दिवस तरी लागू देत.

आणखी एक. यादीत सगळ्यात वर तुमच्या दादांचं नाव दिसेल. आतल्या खोलीतला त्यांचा कॉम्प्युटर मी बंद केलेला नाही. अकरा महिने हालचाल नाही. वहीतला नियम मला पाठ आहे, भाऊजी. तेवढं नाव उठवू नका.